‘ऑल ओरिजिनल, सर्व्हिस्ड, अनपॉलिश्ड’: जुन्या घड्याळाची जाहिरात कशी वाचावी

तुम्ही पाठवलेली जाहिरात अशी आहे: ‘ओमेगा सीमास्टर ऑटोमॅटिक, १९६० चं दशक, डेट नाही. ऑल ओरिजिनल, स्टेनलेस स्टील, सर्व्हिस्ड, अनपॉलिश्ड, सुंदर पॅटिना, अतिशय दुर्मीळ. घरातल्या वडीलधाऱ्यांचं घड्याळ. मी घड्याळांतला जाणकार नाही, फोटो बघूनच निर्णय घ्या.’ फोटो चार, चारही समोरून काढलेले. यातल्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि पैसे पाठवायचे का, हा तुमचा प्रश्न.

पैसे आत्ता पाठवू नका. घड्याळ कदाचित उत्तम असेलही, पण एवढ्यावरून ते कळायला काही मार्ग नाही.

जुन्या घड्याळांच्या बाजारात धडधडीत खोटं तसं कमीच लिहिलं जातं. ते पकडलं गेलं की पैसे परत करावे लागतात. त्यापेक्षा सोयीचं असतं अर्धवट खरं सांगणं. विक्रेता एका भागाबद्दल खरी गोष्ट लिहितो आणि घेणारा ती अख्ख्या घड्याळाला लावून मोकळा होतो. म्हणून मी प्रत्येक विशेषणापाशी थांबून एकच विचारतो: हे नेमकं कशाबद्दल म्हटलंय? डायलबद्दल, काट्यांबद्दल, केसबद्दल (बाहेरचं धातूचं कवच), मूव्हमेंटबद्दल (आतलं यंत्र) की क्राउनबद्दल (चावी देण्याचं बटण)? ज्या भागाचं नाव घेतलेलं नाही, त्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही असं धरून चालायचं. पुष्कळदा विक्रेत्याच्या मनात पाप नसतं, त्याला खरोखरच माहीत नसतं. पण तुमच्या खिशाला दोन्हींची झळ सारखीच बसते.

‘स्टेनलेस स्टील’चंच बघा. जुन्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर पुष्कळदा ‘स्टेनलेस स्टील बॅक’ कोरलेलं असतं, किंवा फ्रेंचमध्ये ‘फाँ आसिए इनॉक्सिदाब्ल’. दोन्हींचा अर्थ एवढाच की झाकण स्टीलचं आहे. वरची केस पितळेची किंवा तशाच साध्या धातूची असते आणि तिच्यावर क्रोमचा किंवा सोन्याचा मुलामा असतो. झाकण स्टीलचं आहे हे कोरण्याची गरज पडते ती बाकीची केस स्टीलची नसते म्हणूनच. विक्रेता हे अक्षर वाचतो आणि जाहिरातीत ‘स्टेनलेस स्टील घड्याळ’ लिहून टाकतो. लगच्या टोकांचा जवळून काढलेला फोटो मागा, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या चार शिंगांचा. मुलामा पहिल्यांदा तिथेच झिजतो. कोपऱ्यावर पिवळसर धातू डोकावत असेल किंवा बारीक फोड आल्यासारखे खड्डे दिसत असतील, तर ती स्टीलची केस नाही.

सोन्याबाबतही हेच. ‘गोल्ड घड्याळ’, ‘१८ कॅरेट गोल्ड प्लेटेड’, ‘गोल्ड फिल्ड’, ‘गोल्ड कॅप्ड’ या चार वेगवेगळ्या वस्तू आहेत. प्लेटेड म्हणजे मुलामा, आणि त्याची जाडी मायक्रॉनमध्ये छापलेली असते. २० मायक्रॉन हा चांगला जाड मुलामा समजला जातो, आणि तो म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. फिल्ड आणि कॅप्ड प्रकारात सोन्याचा पातळ पत्रा दुसऱ्या धातूवर चढवलेला असतो, त्यामुळे ते जास्त टिकतात. भरीव सोन्याच्या स्विस केसच्या आत ०.७५० किंवा १८ के असं लिहिलेलं असतं आणि सोबत हॉलमार्कचा शिक्का असतो. १९९५ पर्यंतच्या १८ कॅरेटच्या केसवर हा शिक्का हेल्वेटियाच्या, म्हणजे स्त्रीच्या, मुखाचा असे. जाहिरातीत ‘१८ कॅरेट’ ठळक आणि ‘प्लेटेड’ शेवटच्या ओळीत असेल, तर तिथेच सावध व्हा.

आता ‘ऑल ओरिजिनल’कडे वळू. सगळ्यात जास्त पैसे याच शब्दांवर जातात.

‘ओरिजिनल’चे तीन अर्थ या बाजारात सर्रास फिरतात. पहिला म्हणजे सगळे भाग त्याच घड्याळाबरोबर कारखान्यातून बाहेर पडले. दुसरा म्हणजे भाग त्याच कंपनीचे आहेत, पण वेगवेगळ्या घड्याळांतून आलेत. तिसरा म्हणजे घड्याळ नकली नाही, बस एवढंच. घेणारा पहिला अर्थ धरतो, विकणारा बहुतेक वेळा तिसरा. ‘पीरियड करेक्ट’ असं लिहिलं असेल तर तो दुसऱ्या अर्थाचा प्रामाणिक कबुलीजबाब समजा: भाग त्या काळातला आहे, पण याच घड्याळाचा नाही. ‘सर्व्हिस डायल’ म्हणजे कंपनीने दुरुस्तीच्या वेळी बदलून दिलेली नंतरची डायल. हे दोन्ही शब्द उघडपणे लिहिणाऱ्या विक्रेत्याबद्दल माझं मत चांगलं होतं. भाव त्याप्रमाणे कमी असला की झालं.

वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभ्या केलेल्या घड्याळाला जगभर ‘फ्रँकनवॉच’ म्हणतात. हे ओळखणं किती अवघड जाऊ शकतं याचं एक उदाहरण सगळ्यांच्या समोर घडलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात १९५७ चं ओमेगा स्पीडमास्टर, रेफरन्स (मॉडेलचा क्रमांक) २९१५-१, ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. तपकिरी पडलेल्या डायलचं ते घड्याळ आपल्या संग्रहालयासाठी घेतलं होतं खुद्द ओमेगाने. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या, बहुतेक अस्सल भागांतून जुळवलेलं होतं आणि त्यात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. भाग अस्सल, घड्याळ मात्र जोडलेलं. जिथे बनवणाऱ्या कंपनीला पत्ता लागला नाही, तिथे चार फोटोंवरून ‘ऑल ओरिजिनल’ मान्य करणं बरोबर नाही.

सुदैवाने तुमच्या घड्याळाच्या भावपट्टीत एवढी कारागिरी कोणी करत नाही. तिथल्या जोडाजोडीच्या खुणा साध्या असतात. ओमेगाने १९६० च्या दशकात रेफरन्सची नवी पद्धत आणली: तीन आकडे, टिंब, तीन आकडे. सीमास्टरच्या झाकणाच्या आत १३५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे हाताने चावी द्यायचं, डेट नसलेलं घड्याळ. १३६ म्हणजे चावीचं आणि डेट असलेलं. १६५ ऑटोमॅटिक, डेट नाही. १६६ ऑटोमॅटिक, डेटसह. तुमच्या घड्याळाला डेट नाही आणि विक्रेता ऑटोमॅटिक म्हणतोय, तर झाकणाच्या आत १६५ यायला हवं आणि मूव्हमेंट ५५२ सारखं डेट नसलेलं ऑटोमॅटिक निघायला हवं. झाकणात १६६ निघालं तर डायल तरी दुसरी आहे नाही तर केस तरी. झाकणात १३५ असून आत फिरता रोटर, म्हणजे हाताच्या हालचालीने चावी देणारं वजन, दिसला, तर मूव्हमेंट बाहेरून आलंय. हे सगळं एका फोटोत कळतं, आणि विक्रेत्याने नेमका तोच फोटो दिलेला नाही.

मूव्हमेंटवर ओमेगाचं नाव, कॅलिबरचा (मूव्हमेंटच्या प्रकाराचा) आकडा आणि सिरियल नंबर असायला हवा. ‘स्विस मूव्हमेंट’ एवढंच लिहिलं असेल तर अधिकच खोदून विचारा. इतर कंपन्यांना मूव्हमेंट पुरवणाऱ्या ईटीए किंवा एएसचं मूव्हमेंट असणं यात कमीपणा काही नाही, असंख्य चांगल्या कंपन्यांनी ती वापरली. पण स्वतःची मूव्हमेंट बनवणाऱ्या कंपनीच्या डायलखाली ती निघाली, तर काहीतरी बदललंय.

डायलबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण जुन्या घड्याळाच्या किमतीचा मोठा वाटा तिथे असतो आणि बदलही सगळ्यात जास्त तिथेच होतात. ‘रिस्टोअर्ड’, ‘रिफिनिश्ड’, ‘डायल नव्यासारखी’ या सगळ्यांचा अर्थ बहुतेक वेळा रीडायल, म्हणजे जुना रंग काढून नव्याने रंगवलेली आणि छापलेली डायल. हे समजून घेतलं असेल तर काहीच हरकत नाही, रोज वापरायला ती छान असते. पण ‘मिंट डायल’ लिहून तिचा भाव मूळ डायलइतका लावला जातो, तिथे फसगत होते. फोटो मोठा करून अक्षरं बघा. मूळ छपाई भिंगाखालीसुद्धा धारदार राहते, अक्षरांच्या टोकांना कारखान्याचा ठरलेला आकार असतो. रीडायलमध्ये शाई पसरलेली, अक्षरं जाड, दोन अक्षरांमधलं अंतर कमीजास्त असतं. मिनिटांच्या रेघा खड्यांच्या, म्हणजे तासांच्या उठावदार खुणांच्या, मध्याशी जुळत नाहीत. खड्यांच्या बुडाशी रंग साचलेला दिसतो. डायलच्या कडेला बारीक खाच पाडलेली असेल तर तीही पुष्कळदा नव्याने छापताना केलेली असते. सेकंदांची छोटी गोल डायल वेगळी असेल, तर तिच्या रेघा आकड्यांवर चढल्या आहेत का ते पाहा. आणि काटे काळवंडलेले, डायल मात्र कालच बनल्यासारखी असेल, तर आधी रीडायल समजा आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी विक्रेत्यावर टाका.

तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत सहाच्या खाली ‘टी स्विस मेड टी’ असं छापलेलं दिसतंय. ‘टी’ म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकणाऱ्या रंगात वापरलं जाणारं द्रव्य. त्या अक्षरांमुळे डायलवर किंवा काट्यांवर कुठेतरी तो रंग असायला हवा. मला फोटोत खड्यांच्या टोकाशी ठिपके दिसत नाहीत आणि काट्यांमध्ये भराव दिसत नाही. ठिपके झडले किंवा काढून टाकले असतील, काटे बदलले असतील, किंवा दुसऱ्याच डायलवरून पाहून अक्षरं छापली असतील. यातलं काय झालंय ते जवळच्या फोटोशिवाय सांगता येणार नाही, पण ‘ऑल ओरिजिनल’ला इथे पहिला तडा जातो. मिनिट काट्याची लांबीही पाहून घ्या, तो मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचायला हवा.

ल्यूमच्या, म्हणजे या चमकणाऱ्या रंगाच्या, बाबतीत ‘अंधारात अजूनही झकास चमकतं’ हे वाक्य कौतुक म्हणून लिहिलं जातं. १९६० च्या दशकातल्या घड्याळासाठी ती धोक्याची खूण आहे. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. साठ वर्षांत त्याचा जेमतेम ३ टक्के भाग उरतो, म्हणजे स्वतःहून चमकणं कधीच संपलेलं असतं. टॉर्च मारल्यावर जुना रंग क्षणभर उजळून विझू शकतो. पण मिनिटांवर मिनिटं हिरवागार चमकत राहिला तर तो नव्याने भरलेला आहे. त्याआधीच्या काळातलं रेडियम वेगळं. तेही आता चमकत नाही, कारण चमकणारं रसायन थकतं, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. किरणोत्सर्ग जसाच्या तसा राहतो. रेडियमची डायल असलेलं घड्याळ घरी स्वतः उघडू नका, झडलेल्या रंगाची धूळ श्वासात जाता कामा नये. ‘ल्यूम मूळचाच आहे’ असं लिहिणारा विक्रेता ते रेडियम आहे की ट्रिटियम हे क्वचितच सांगतो, तेव्हा विचारून घ्या.

‘पॅटिना’ (वयामुळे बदललेला रंग) आणि ‘ट्रॉपिकल’ हे शब्द मला आवडतात, म्हणूनच त्यांचा गैरवापर जास्त खटकतो. काळी डायल उन्हाने आणि काळाने सगळीकडून सारखी तपकिरी होत जाते, वरचं लाखेचं आवरण शाबूत असतं, ती खरी ट्रॉपिकल डायल आणि ती खरंच देखणी असते. कडेने आत सरकत आलेले डाग, फुगलेली लाख, ठिपके, क्राउनजवळचा काळसर पट्टा ही पाणी शिरल्याची चिन्हं. डायलपर्यंत पाणी गेलं असेल तर मूव्हमेंटपर्यंतही गेलं असणार. अशा घड्याळात क्राउनच्या दांड्याजवळ आणि स्क्रूंच्या डोक्यावर गंज आहे का, ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘सर्व्हिस्ड’ या शब्दाइतका स्वस्त शब्द दुसरा नसेल. पूर्ण सर्व्हिसमध्ये मूव्हमेंटचा भाग न भाग सुटा होतो, साफ होतो, झिजलेले भाग बदलले जातात, ठरलेल्या जागी ठरलेलं तेल पडतं, गॅस्केट (पाणी अडवणाऱ्या कड्या) नवीन येतात आणि मग वेळ लावली जाते. हे कामाचे तास खाणारं काम आहे. झाकण उघडून तेलाचा एक थेंब टाकला तरी त्याला ‘सर्व्हिस्ड’ म्हणणारे आहेत, आणि सर्व्हिस कधी झाली हे न सांगणारे तर बहुतेक सगळेच. तारीख, कोणी केली, बिल आणि काय काय बदललं, हे चार प्रश्न विचारा. उत्तर ‘आधीच्या मालकाने करून घेतली होती’ असं आलं, तर सर्व्हिस झालेली नाही असं धरा आणि तो खर्च भावातून वजा करा. ‘चावी दिली की चालतं’ याचा अर्थ दोन तास चालून बंद पडतं असाही होऊ शकतो. सुकलेल्या तेलावरही घड्याळ चालतं. चालता चालता आतले पिव्हट, म्हणजे चाकांच्या अक्षांची बारीक टोकं, झिजत जातात आणि नंतर साध्या साफसफाईने भागत नाही.

काही जण टाइमग्राफरचा फोटो देतात, हे यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकून त्याची तब्येत आकड्यांत सांगतं. फोटो चांगला वाटला तरी तो कोणत्या स्थितीतला आहे ते विचारा. डायल वर करून ठेवलेलं घड्याळ सगळ्यात छान आकडे देतं. क्राउन खाली करून उभं धरलं की खरी परिस्थिती दिसते. पूर्ण चावी असताना ॲम्प्लिट्यूड (आतल्या बॅलन्स चाकाचा झोका) २७० ते ३१० अंशांच्या आसपास असेल तर उत्तम, २०० च्या खाली गेलं तर सर्व्हिस लागणारच. बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्या वेळेतला फरक, १ मिलिसेकंदाच्या आत हवा. एक बारीक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. यंत्रात लिफ्ट अँगल नावाचा आकडा भरावा लागतो आणि तो सहसा ५२ वर ठेवलेला असतो. ओमेगाच्या ५५० घराण्यातल्या मूव्हमेंटचा, म्हणजे तुमच्या घड्याळात असायला हव्या त्या मूव्हमेंटचा, लिफ्ट अँगल ४९ आहे. ५२ वर मोजलं तर ॲम्प्लिट्यूड खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. पडद्यावर २८५ असेल तर खरं २६९ च्या आसपास. याच मूव्हमेंटचे ठोके तासाला १९,८०० असतात. पडद्यावर २१,६०० किंवा १८,००० दिसत असेल, तर फोटो या घड्याळाचा नसावा किंवा मूव्हमेंट ते नसावं.

‘अनपॉलिश्ड’, म्हणजे केस घासून चकचकीत केलेली नाही, हे तपासायला लगच्या कडा आणि झाकणावरचं कोरीवकाम पुरेसं आहे. सीमास्टरच्या पुष्कळ झाकणांवर समुद्री घोड्याचं उठावदार चित्र असतं. त्याचे बारीक तपशील गुळगुळीत झाले असतील, लगच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलावल्या असतील, तर केस पॉलिश झालेली आहे. केसवर ओरखडे आहेत एवढ्यावरून ती अनपॉलिश्ड ठरत नाही. पॉलिश केल्यानंतरही वर्षानुवर्षं वापरात ओरखडे पडतातच.

बाकीचे शब्द पटकन. ‘दुर्मीळ’ वाचायचंच नाही. त्या रेफरन्सची किती घड्याळं विक्रीला आहेत ते स्वतः शोधा. ‘वडीलधाऱ्यांचं घड्याळ’ ही भावना खरी असेल, पण तिने डायल मूळची ठरत नाही, उलट साठ वर्षं घरात वापरलेल्या घड्याळाची काच, क्राउन आणि काटे बदललेले असण्याची शक्यता जास्त. ‘वॉटरप्रूफ’ झाकणावर कोरलेलं असलं तरी जुन्या गॅस्केटवर पाण्याजवळ नेऊ नका. ‘बॉक्स आणि कागदपत्रांसह’ असेल तर कागदावरचा नंबर मूव्हमेंटवरच्या नंबराशी जुळतो का ते बघा, कारण जुने डबे आणि कोरी वॉरंटी कार्डं सुटी विकली जातात. कंपनीच्या दप्तरातला उतारा असेल तर तो मोलाचा, पण त्या नंबराचं घड्याळ कसं बनलं होतं एवढंच तो सांगतो. आज त्यात कोणती डायल बसलीय हे त्याला माहीत नसतं.

‘मी जाणकार नाही, फोटो बघूनच निर्णय घ्या’ हे वाक्य मी गांभीर्याने घेतो. विक्रेता त्याच जाहिरातीत ‘ऑल ओरिजिनल’ही म्हणतो आणि जाणकार नसल्याचंही सांगतो. दोन्ही एकत्र टिकत नाहीत. पुढे वाद झाला तर तो दुसऱ्याच वाक्यावर बोट ठेवणार. तेव्हा पहिलं वाक्य नाहीच असं समजून घड्याळाचा भाव ठरवा.

आज त्याला सौजन्याने एवढंच लिहा: ‘घड्याळ आवडलं. झाकण उघडून मूव्हमेंटचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा स्पष्ट फोटो पाठवाल का? डायलचा उजेडात जवळून एक, चारही लगांचा एक. डायल नव्याने छापलेली आहे का आणि काटे किंवा क्राउन बदललेले आहेत का, तेही कळवा. सर्व्हिस केव्हा झाली?’ उत्तर लेखी आणि विक्रीच्या त्याच व्यासपीठावर घ्या, फोनवर नको, आणि पैसेही त्याच्या बाहेर देऊ नका. ‘झाकण उघडायचं साधन नाही’ हे कारण खरं असू शकतं. कोणताही घड्याळ दुरुस्त करणारा दोन मिनिटांत उघडून देतो. ‘माहीत नाही’ हेही चालेल, मग भाव रीडायल आणि सर्व्हिस न झालेल्या घड्याळाचा द्या. प्रश्न टाळून ‘दुसरा गिऱ्हाईक थांबलाय’ असं आलं, तर घड्याळ त्या गिऱ्हाइकाला जाऊ द्या. सीमास्टर लाखोंनी बनली आहेत.

फोटो आले की मला पाठवा, झाकणातला आकडा आणि कॅलिबर जुळतात का ते मी बघतो. आणि घेतलंच, तर परताव्याची मुदत किती आहे ते आधी पाहून घ्या. घड्याळ हातात पडल्याबरोबर, पट्टा बदलण्याच्याही आधी, ते उघडून घ्या आणि मूव्हमेंटवरचा सिरियल नंबर फोटोतल्या नंबराशी एकेक आकडा जुळवून पाहा.